हिमालय तापला तर भूर्जाचं भलं की वाईट?

भटक्या_नाशिककर
नुकताच गोमुखला जाऊन आलो. चिरबासा मागे पडलं की कैल या सूचिपर्णी झाडाची दाटी विरळ होत जाते. भोजबासाला, म्हणजे सुमारे ३,८०० मीटरवर, उरतात ते वाकलेले भूर्ज. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. पूर्वी हिच्यावर पोथ्या लिहीत.
माझं मत सरळ आहे. झाडांची वरची हद्द थंडी ठरवते. वाढीच्या मोसमात सरासरी ६-७ अंशांची ऊब मिळाली नाही तर तिथे झाड उभंच राहत नाही. मग ऊब वाढली तर झाडं जोमाने वाढतील, रानही वर सरकेल. दरवेळी गळा काढायलाच हवा का?

अंजनवेल
अर्धंच खरं आहे. नेपाळमध्ये वृक्षरेषेवरच्या, म्हणजे झाडांच्या वरच्या हद्दीवरच्या, भूर्जांना पोकळ गिरमिटाने भोक पाडून पेन्सिलीएवढ्या कांड्या काढल्या, खोडात दरवर्षी उमटणारी वलयं मोजली. २०१४ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात ते छापून आलं. मार्च ते मे ओल चांगली मिळाली की वलय रुंद. मे तापला की वलय बारीक. उन्हाळा फारच कोरडा गेला तर खोडाच्या काही बाजूंना त्या वर्षीचं वलय उमटतच नाही! झाड जिवंत, पण वर्षाची नोंदच नाही. इतक्या उंचीवर हे झाड थंडीने नाही, तहानेने अडलंय. आपल्याकडे वळीव चुकला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

भटक्या_नाशिककर
नेपाळचं माप गंगोत्रीला कसं लावता? पुण्याच्या आयआयटीएमच्या (उष्णदेशीय हवामानावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या) लोकांनी किन्नौर आणि गंगोत्रीकडच्या उंचावरच्या सूचिपर्णी झाडांची वलयं पाहिली आहेत. अलीकडच्या दशकांत वाढ जास्त दिसते आणि तिचा संबंध उबदार झालेल्या हिवाळ्याशी लागतो. पुणेकरांचं तरी ऐका (हे मी म्हणतोय, नाशिकचा असून).

अंजनवेल
ऐकते की. पण ती सूचिपर्णी झाडं. त्यांची पानं हिवाळ्यातही अंगावर असतात, उबेचा फायदा त्यांना मिळू शकतो. भूर्ज पानगळीचा. त्याला सगळी पालवी नव्याने फोडायची असते, आणि पावसाळा लागेपर्यंत भिस्त वितळत्या बर्फावर. एकाच उतारावरची दोन झाडं, एकाला मेजवानी, दुसऱ्याला उपास. 'झाडं' असं एकगठ्ठा बोलू नका, एवढंच म्हणणं आहे.

कुऱ्हाडीचा_दांडा
तुमच्या वलयांत माणूस राहिला. भोजबासाचं भूर्जवन काय हवामानाने गेलं? यात्रेकरूंच्या चुलीत गेलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी १९९०च्या दशकात तिथे पुन्हा भूर्जाची रोपं लावायला घेतली, ती काय हौस म्हणून? वृक्षरेषा वर सरकायची तर बी रुजायला हवं, आणि रुजलेलं गुराढोरांच्या तोंडून वाचायला हवं. तापमानाचा नंबर त्यानंतर.

अंजनवेल
चुलीचं मान्य, 'त्यानंतर' मान्य नाही. रोप लावलं, कुंपण घातलं, तरी एप्रिल-मेत मुळांशी ओल कुठून आणणार? जुनं झाड एखादं वर्ष वलय न उमटवता काढेल. वीतभर रोप नाही काढत.

सोनचाफा७
खालच्या हद्दीबद्दल कोणीच बोलत नाहीये. कैल खरंच वर चढला तर भूर्जाने जायचं कुठे? गोमुखाकडे तर नुसता हिमनदीने टाकलेला दगडगोटा.

भटक्या_नाशिककर
कैलाबद्दलचं म्हणणं सोडत नाही. भूर्जाबद्दल मात्र जरा गप्प बसतो. आम्ही मेच्या शेवटी गेलो होतो. भोजबासाच्या अलीकडे एका भूर्जाखाली टेकलो, काठी जमिनीत रोवायला गेलो तर भस्सकन धूळ उडाली. तेव्हा फक्त डोळे चोळले होते. रात्री फोटो टाकतो.