कधीतरीच खेळणाऱ्यांनी पाहिलेला शेवट : ऑनलाइन गेममधल्या एंडगेमचे (शेवटच्या मोठ्या लढायांचे) अनुभव

निगडीची_प्रीस्ट

काल माळा आवरताना जुन्या लॅपटॉपची बॅग निघाली. आत हेडसेट. कानावरच्या फोमला हात लावला तर त्याचा काळा चुरा बोटांना चिकटला, आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

२०१० साल. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, युरोपचा सर्व्हर. गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणारा आमचा गट, तिकडच्या रात्री आठला जमायची, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेबारा. नोकरी, घर, पहिलीतला मुलगा. मला शनिवार तेवढा जमायचा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास. मी राखीव हीलर, बाकीच्यांना बरं करणारी. डिसेंबर २००९ मध्ये आइसक्राउन सिटाडेल ही रेड, म्हणजे अनेकांनी मिळून लढायची मोहीम, आली तेव्हा मुख्य टीम लढायची आणि मी व्हॉइस चॅटवर नुसती ऐकत बसायचे. पुढे त्या रेडमध्ये सगळ्यांची ताकद ५-५ टक्क्यांनी वाढवत ३० वर नेली, तेव्हा कुठे आम्हा शनिवारच्या दहा जणांना तिथल्या शेवटच्या शत्रूसमोर, लिच किंगसमोर उभं राहता आलं.

तो पायाखाली काळं डबकं टाकतो, डिफाइल. त्यात एक जण जरी थांबला तरी ते पसरतं आणि सगळ्यांना गिळतं. तीनशे पिंगवर डबकं दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. मग मी डबक्याकडे बघणंच सोडलं. डबकं पडायचा टायमर दोनवर आला की चालायला लागायचं, दिसो न दिसो. पाच शनिवार त्यात गेले.

सहाव्या शनिवारी त्याची हेल्थ १० टक्के उरली आणि एका फटक्यात आम्ही दहाच्या दहा मेलो. मी शेवट मुद्दाम वाचला नव्हता. हेडसेट काढून ठेवला. डोळे भरून आले. आणि स्क्रीनवर आमच्या बाजूचा, बर्फात गोठवलेला टिरियन सुटला, धावत गेला, लिच किंगची तलवार फुटली आणि आम्ही सगळे परत उठलो! त्यानंतर लिच किंग उलट मारूच शकत नाही. हीलर असून मीही त्याला मारत सुटले.

सासूबाई पाण्याला उठल्या होत्या. "रडतेस का गं?"
"जिंकलो, आई."
"बरं झालं. दूध झाकलंस ना?"

तुम्ही शेवट कसा पाहिलात? लिहा. अर्धवट असला तरी लिहा.

वाईकर_मेज

दूध झाकलंस ना!! आमच्या घरी गॅस बंद केलास ना.

शिफ्ट_संपली

डिफाइल वाचूनच तळहाताला घाम आला. आणि लिच किंगच्या त्या उडत्या वाल्किर? माणूस उचलून कड्यापलीकडे नेऊन सोडायच्या. आमच्यात एक जण फक्त त्यांना अडवायचं काम करायचा, रात्रभर, आणि लूटमध्ये त्याला काही म्हणता काही मिळालं नाही. तरी दर आठवड्याला हजर. कुठे असेल कोण जाणे.

कांदेपोहे_८०

मी गिल्ड वॉर्स २ ची. तिथे कमाल लेव्हल २०१२ ला ८० होती, अजून ८० च आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. बाळंतपणात दीड वर्ष बंद होतं. परत आले तर माझं चिलखत तसंच कामाचं, कुणाच्या मागे पडले नव्हते.

माझा एंडगेम म्हणजे टेक्वाटल. दलदलीतला ड्रॅगन, मोकळ्या मैदानात, गिल्ड लागत नाही, कुणीही यावं. १५ मिनिटांत पाडायचा नाहीतर तो निघून जातो. लेक मांडीवर झोपलेली, डावा हात तिच्या डोक्याखाली, उजव्या हाताने मी एका तोफेवर बसलेले. तोफेचं बरं असतं, पळावं लागत नाही. पाडला तेव्हा ओरडताही आलं नाही, उठली असती.

वाईकर_मेज

@निगडीची हेडसेट चालतोय का? फोम बदलून मिळतो. टाकू नका.

रात्रपाळी

मला एक कबूल करायचंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येच २०११ च्या शेवटी ड्रॅगन सोल या रेडबरोबर एलएफआर आलं. बटण दाबा, अनोळखी पंचवीस जण जमतात, सोप्या पातळीवर शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, बघायला मिळतो. मी तेव्हा आठवड्यात चार रात्री रेड करायचो आणि त्या लोकांना नावं ठेवायचो. फुकटचा शेवट म्हणायचो. लोकांच्या तोंडावर म्हणायचो.

२०१९ मध्ये वडील आजारी पडले. दिवसभर ऑफिस, मग दवाखाना, घरी यायला अकरा. गिल्ड सुटली. उरायचा पाऊण तास. त्यात एलएफआरच जमायचं. तिथे वाइप झाला, म्हणजे सगळे मेले, की सगळ्यांची ताकद ५ टक्के वाढते, परत वाइप, परत ५. एका रात्री सहा वेळा मेलो. कुणी निघून गेलं नाही. एक हीलर दर वेळी लिहायची, चला, आता आपण मोठे झालो. सातव्यांदा पडला बॉस.

इतकी वर्षं ज्यांना बोललो ती हीच माणसं होती. माझं चुकलं होतं.

निगडीची_प्रीस्ट

@रात्रपाळी वडील कसे आहेत आता?

रात्रपाळी

गेले, २०२० त. शेवटी घरीच होते. माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. काय चाललंय विचारायचे नाहीत, फक्त हिरवं कमी झालं रे म्हणायचे. हेल्थ बार. बरोबर असायचं.

कांदेपोहे_८०

काय लिहू. नमस्कार त्यांना.

कसारा_लोकल

आत्ताच ठाणं गेलं, रेंज आहे तोवर लिहिते.

ओल्ड स्कूल रूनस्केप, फोनवर. फाइट केव्ह्ज. शत्रूंच्या ६३ लाटा, एकटीने, शेवटी जाड नावाचा राक्षस. मेलं की पहिल्यापासून. पण त्यात एक सोय आहे. लॉगआउट एकदा दाबून ठेवलं की चालू लाट संपल्यावर गेम बाहेर काढतो आणि परत आलात की पुढची लाट. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, तिथे नेटवर्क जायचं म्हणून मी ठाण्याआधीच दाबायचे. असं करत करत लोकलमध्ये

कसारा_लोकल

रेंज गेली. हां तर लोकलमध्ये तीन दिवसांत ६२ लाटा केल्या. जाड मात्र घरी, रविवारी, वाय-फायवर. त्याने पुढचे पाय जमिनीवर आपटले तर बाणांपासूनची प्रार्थना, पाय वर धरून लटकवले तर जादूपासूनची. चुकलं की एका फटक्यात खेळ संपला. भाजी चिरताना मनात म्हणत राहायचे, आपटले बाण, लटकवले जादू. बक्षिसाचा झगा, फायर केप, मिळाली तेव्हा नवऱ्याला फोन दाखवला, तो म्हणाला लाल रंग छान आहे. दिवसभर माझ्या पात्राला तीच घालून उभं केलं गेममधल्या बँकेसमोर.

शिफ्ट_संपली

@कसारा तीन दिवस जाड डोक्यात घेऊन ऑफिसचं काम कसं केलं?

कसारा_लोकल

मार्चअखेर होता. जाड सोपा वाटला.

स्प्राउट_१४

फायनल फँटसी १४. माझ्या नावापुढे नवख्याचं हिरवं रोपटं होतं. चोवीस जणांची रेड, मला काही म्हणजे काही माहीत नाही, आणि आत शिरताच लिहून आलं की कुणीतरी इथे पहिल्यांदाच आलंय, सगळ्यांना जादा बक्षीस. तेवीस अनोळखी लोक माझ्यामुळे खूश! आयुष्यात नवीन ठिकाणी असं स्वागत झालं नव्हतं. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

वाईकर_मेज

@निगडीची पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारून बघा. माप घेऊन जा, गोल आहे की लांबट ते आधी बघा.

निगडीची_प्रीस्ट

लांबट. पट्टीने मोजलं, उभं साडेनऊ सेंमी. डावा कान चालतोय, उजव्यात खरखर आहे.

वाईकर_मेज

खरखर वायरची असणार. पिनच्या जवळ वाकवून बघा.