पोरगा 15 वर्षांचा, शाळेचं फाटक बघून उलटी करतो. दहावी करायची की काम शिकवायचं?

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर आहे. थोरला मुलगा नववीत आहे, म्हणजे नावाला नववीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेलाच नाही.

सकाळी साडेनऊ झाले की त्याच्या पोटात कळ सुरू. पहिले आठ दिवस आम्हाला वाटलं नाटकं करतोय. मग एक दिवस मीच गाडीवर मागं बसवून नेला. शाळेच्या गल्लीत वळलो तसा त्यानं मागनं माझा शर्ट मुठीत धरला, पाठीला नखं लागेपर्यंत. फाटकापुढं उतरला आणि तिथंच रस्त्यावर ओकला. मी रुमालानं तोंड पुसलं, गाडी फिरवली आणि घरी आणला. त्या दिवसापासून मी त्याला एकदाही 'चल' म्हटलेलं नाही.

कारण नंतर कळलं. वर्गात वाचायला उभा केला होता, दोन ओळींत अडला. वही घेऊन सगळ्या वर्गाला दाखवली, पोरं हसली. शाळेचं नाव लिहीत नाही, धाकटी अजून तिथंच शिकते.

तपासण्या झाल्या. आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, 76 आला. लर्निंग डिसॅबिलिटीचं (वाचन-लेखनातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट मिळत नाही, का तर त्याला 85 च्या वर लागतो. विशेष शाळेत विचारलं तर तिथं 70 च्या खालची मुलं. मग आमच्या पोरानं जायचं कुठं?

त्याला काय येतं तेही सांगतो. मराठी अडखळत वाचतो. हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत उसनं घ्यायचं आलं की थांबतो. काट्याचं घड्याळ कळत नाही. पण डोळे मिटून त्याच्या हातात बोल्ट ठेवा, आठ एमएमचा की दहाचा हे बोटानं सांगतो. घरातला मिक्सर दोनदा उघडून परत बसवलाय, एक स्क्रू उरला नाही.

भाऊ म्हणतो वर्कशॉपला घेऊन जा, हात चालतोय त्याचा. बायको म्हणते दहावी नसली तर उद्या आयटीआयचं दारही बंद. दोघंही खोटं बोलत नाहीत. तुमच्यापैकी कुणाचं मूल या वयात असं मधेच अडकलं असेल तर काय केलंत ते सांगा.

विशेष शिक्षिका, राजारामपुरी

दादा, गाडी फिरवलीत ते बरोबर केलंत. भीती शरीरात उतरली की ओढून नेल्यानं ती घट्ट होते. मी 22 वर्षं विशेष मुलांना शिकवते, शिकवण्याआधी मूल सावरावं लागतं हे मीही हळूहळूच शिकले. म्हणून पहिले दोन-तीन महिने दहावी आणि काम हे दोन्ही विषय घरात बंद ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडं आठवड्यातून एकदा न्या. पण घरचा दिवस मोकळा सोडू नका. उठण्याची वेळ, अंघोळ, एक घरकाम, तासभर रंकाळ्याला चालणं, हे ठरलेलं हवं. शाळा सुटलेलं मूल मोबाईलवर रात्र काढायला लागलं की मग दिवसच उलटा होतो, आणि तो सुलटा करायला शाळेपेक्षा जास्त कष्ट पडतात.

आता सर्टिफिकेटचं. 76 हा आकडा सीमारेषेवरचा. 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक समजेच्या चाचणीत 70 ते 84 गुण असले तर 25 टक्के दिव्यांगत्व धरलं होतं आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. तुमचा मुलगा दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर उभा आहे तो यामुळं. असली मुलं माझ्याकडं दरवर्षी येतात, आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो. पण त्याआधी एक बघा. नुसता आयक्यू काढलाय, की ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, इसा नावाची चाचणीही झालीय? 40 प्रश्नांची असते, त्यात 70 किंवा त्याच्या पुढं गुण आले तर ऑटिझम धरतात. बोटानं बोल्ट ओळखणारा, वर्गातल्या हसण्यानं इतका मोडणारा मुलगा ऐकला की मी हे विचारतेच. असेलच असं म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय सोडू नका. तसं निघालं तर स्वावलंबन कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा मार्ग उघडतो. नाही निघालं तरी ओपन स्कूल आहेच, रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची. त्याच्या, म्हणजे एनआयओएसच्या प्रवेशाला दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागत नाही.

कामाबद्दल. विशेष शाळांत 15 ते 18 च्या गटाला आम्ही पूर्वव्यावसायिक म्हणतो आणि 18 नंतर कार्यशाळा. या 'पूर्व'मध्ये बरंच काही येतं. वेळेवर येणं, अडलं तर 'मला दाखवा' म्हणणं, कंटाळा आला तरी हातातलं संपवणं, पाच माणसांत बसून डबा खाणं. धंदा नंतर शिकता येतो. हे राहून गेलं तर हातात कितीही कसब असो, मूल आठवडाभरात कामावरनं घरी परत येतं.

शेंडा पार्कला 'चेतना'ची शाळा आहे, तिथं वेळ विचारून एकदा नुसतं बघायला जा. तुमच्या मुलाचा प्रवेश होईल म्हणून सांगत नाही. एका कामाचे दहा तुकडे कसे पाडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा कसा शिकवतात, ते तुम्ही कारागीर माणूस, बघितल्या बघितल्या ओळखाल. मोजता न येणाऱ्या मुलासाठी आम्ही लाकडी फळीत दहा खळगे पाडून घेतो. प्रत्येक खळग्यात एक नग ठेवायचा. फळी भरली म्हणजे दहा झाले, पिशवीत ओतायचे. मोजायची चिंता गेली की हात सुटतो.

आणि लेथवर मात्र त्याला नेऊ नका. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेलं मूल फिरत्या मशीनपाशी नको.

बावड्याची आई

भाऊ, तुमचं फाटकापाशीचं वाचून मी उठून पाणी प्यायले. माझा मुलगा आता 20 वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, सर्टिफिकेट आहे, तरी या वयात आमचंही असंच झालं होतं. फक्त तो ओकायचा नाही, संडासात कडी लावून बसायचा.

बाईंनी ओपन स्कूलचं म्हटलंय, ते मी केलंय म्हणून नीट सांगते. दहावीला पाच विषय, त्यात निदान एक भाषा. पास व्हायला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नाव घातलं की पाच वर्षं चालतं, नऊ संधी मिळतात, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, परत द्यावा लागत नाही. मराठी माध्यमही आहे. आम्ही पाचही विषय कधी एकदम दिलेच नाहीत. पहिल्यांदा फक्त चित्रकला. एकच विषय, संपलं. पास झाला तसा त्यानं ती मार्कशीट महिनाभर उशीखाली ठेवली होती. पुढच्या वेळी मराठी आणि गृहविज्ञान, मग सामाजिक शास्त्र, शेवटी डेटा एंट्री. तीन वर्षं लागली. नातेवाईक विचारायचे, अजून दहावीच का? मी सांगायचे, हो, अजून दहावीच.

एक गोष्ट आधी ठरवा, नंतर हळहळ नको. ओपनला गणित घेतलंच पाहिजे असं नाही, आम्ही घेतलं नाही. पण गणित-विज्ञान सोडून दहावी केली तर आयटीआयचे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असले ट्रेड मिळत नाहीत. तुम्ही स्वतः टर्नर आहात, मनात काय असेल ते कळतं मला. वेल्डरसारख्या काही ट्रेडना मात्र आठवी पासही चालते, कळंब्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. तुमचा मुलगा आठवी पास आहेच.

माझा मुलगा आता एका बेकरीत रोज चार तास टोस्ट आणि खारी पॅक करतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात पळून आला होता. कणीक मळायच्या मशीनचा आवाज. मी मालकांना हात जोडून सांगितलं, त्याला मागच्या खोलीत बसवा, दार लावून. त्यांनी बसवलं. एवढाच बदल, आणि दोन वर्षं झाली, अजून तिथंच आहे. तुमच्या मुलाचंही असलं एक काहीतरी असणार. ते शोधा.

शिरोलीकर

लई शिकलेला नाही मी, पण लिहितो. माझा धाकटा भाऊ असाच होता. तेव्हा कुणी काय तपासलं नाही, 14 व्या वर्षी वडलांनी फाउंड्रीत घातला. आता 45 चा झालाय. कामाला वाघ आहे. पण पगाराचं पाकीट कधी मोजलं नाही, येतच नाही त्याला. कितीतरी वर्षं त्याला कमी पैसे दिले जात होते, आम्हाला माहीत नव्हतं. तो म्हणायचा, पाकीट मिळालं. एकदा माझ्या बायकोनं मोजलं तेव्हा कळलं.

तुम्ही पोराला काम शिकवाच. पण घड्याळ आणि नोटा मोजणं येईपर्यंत पुस्तक बंद करू नका. दहावी व्हायची तेव्हा होईल.

उद्यमनगरचा टर्नर

महिना झाला, उत्तर द्यायला उशीर केला. सगळ्यांचं चार-चार वेळा वाचलं. शिरोलीकर दादांचं बायकोला वाचून दाखवताना मला पुढं वाचता येईना.

इसाची चाचणी झाली, 81 गुण आलेत. डॉक्टर म्हणाले सौम्य ऑटिझम. कागद सर्टिफिकेट देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढं जायचेत. त्या दिवशी घरी येताना बायको काही बोलली नाही, दसरा चौकापाशी फक्त म्हणाली, "मग आपण इतकी वर्षं त्याला उगाच बोललो." मला काय उत्तर द्यायचं सुचलं नाही. ताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही 76 वरच बसलो असतो.

समुपदेशनाला तीनदा गेलो. दोनदा तो बोललाच नाही, तिसऱ्यांदा वाचनाचा तो प्रसंग स्वतः सांगितला. सकाळची पोटातली कळ रविवारी येत नाही आणि इतर दिवशी अजून येते, पण उलटी थांबलीय.

आणि फळी. शनिवारी सुट्टी झाल्यावर मालकांना विचारून मी सागवानाचा तुकडा घेतला, ड्रिलवर दहा भोकं पाडली, कडा घासल्या. आमच्याकडं दहा एमएमच्या बोल्टचे सेट जातात, बोल्ट, नट आणि दोन वॉशर. दोन-तीन किलो माल घरी आणला. त्याला काही समजावलं नाही. फळी ठेवली, एक सेट मी लावला आणि चहा घ्यायला आत गेलो. परत आलो तर फळी भरली होती. तो पुढची भरायला प्लास्टिकची पिशवी फुंकून उघडत होता.

तिसऱ्या दिवशी मी घाईत एक पिशवी भरली. त्यानं माझ्या हातातनं ती काढून घेतली, फळीवर ओतली, खळग्यांत लावली आणि बोट ठेवलं. सातव्या खळग्यात एकच वॉशर. 24 वर्षं मी हे काम करतोय. तो काही बोलला नाही, डब्यातनं वॉशर घेतला, ठेवला आणि पिशवी बांधली.

तेव्हापासून त्याला अर्धा तास ठरवून दिलाय. भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा सहावर आला की थांबायचं. म्हणजे काटा बघणं चालू झालंय, अजून वेळ सांगता येत नाही. पाच पिशव्यांना दहा रुपये असं त्याचं त्यालाच देतो, दोन-दोन रुपयांच्या नाण्यांत. तो नाणीही खळग्यात लावून मोजतो.

शाळेत जाऊन दाखला कधी काढायचा ते अजून ठरलं नाही, मुख्याध्यापकांना एकदा भेटायचं आहे. ओपनचं मात्र नक्की. बावड्याच्या ताई, पहिला विषय चित्रकला म्हणालात, पण आमचा चित्र काढत नाही. मराठीनं सुरुवात केली तर वाचनाचीच भीती पुढं येईल. गृहविज्ञानात प्रात्यक्षिक असतं म्हणे. हातानं करायचं असेल तर तो करेल. काय करू?

बावड्याची आई

गृहविज्ञान घ्या. लेखी पेपरही आहे, पण निम्म्या गोष्टी रोजच्या घरातल्या, आहार, कपडे, स्वच्छता, घरखर्च. मी माझ्या मुलाला अर्धं पुस्तक स्वयंपाकघरात उभं राहून शिकवलं. प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, उत्तर त्याला तोंडी देऊ दे, लिहायचं नंतर. सर्टिफिकेट हातात आलं की लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो, म्हणून बोर्डाची तारीख सोडू नका.

आमचं जुनं पुस्तक आहे, कडेला माझ्या खुणा आहेत. रविवारी महावीर उद्यानापाशी या, देते. मुलाला आणलं तरी चालेल, नाही आणलं तरी चालेल. माझाही येईल. तो बोलत नाही फारसा, शेजारी बसतो.