आर्ट पेपरची उतरत्या काळातली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज: सुरुवात कुठून करू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून धागा काढतोय.

आर्ट पेपर हा अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक माझ्याकडे इतकी वर्षं एकाच सीडीपुरता होता. १९५७ च्या जानेवारीत माइल्स डेव्हिसच्या साथीदारांबरोबर त्याने केलेली 'मीट्स द ऱ्हिदम सेक्शन'. नितळ, हलका, कुठेही न अडखळणारा आल्टो सॅक्सोफोन. परवा एका मित्राने गाडीत त्याचंच १९७७ चं काहीतरी लावलं आणि हा तोच माणूस आहे हे मला पटेना. मध्येच थांबतो, एकच तुकडा चारचारदा घासतो, किंचाळतो, आणि पुढच्याच श्वासाला इतका हळू येतो की फुंकेतली हवा ऐकू यावी. मित्र काहीतरी सांगत होता, मी त्याला दोनदा गप्प केलं.

तर १९७५ ते १९८२ या काळातली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज जमवायची आहेत. शोधायला बसलो आणि चक्रावलो. नऊ सीड्यांचा संच, सोळा सीड्यांचा संच, शिवाय 'अनरिलीज्ड' नावाची मालिका. तीच गाणी, तेच साथीदार, मुखपृष्ठं वेगळी. सरळ मोठा संच उचलावा का? की सुटं सुटं घ्यावं? जाणकारांनी मार्ग दाखवावा. आगाऊ धन्यवाद.

कोमल_निषाद

पापे (तुमच्या आयडीचं लघुरूप या धाग्याला शोभतंय), मोठा संच आत्ता घेऊ नका. मी घेतला होता. सहा महिने कपाटात माझ्याकडे बघत बसला होता.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय ही रेकॉर्डिंग्ज एकमेकांत मिसळतात. पेपरचा जन्म १९२५ चा. पन्नासच्या दशकात नाव झालं, आणि हेरॉइनपायी तुरुंगाच्या वाऱ्याही तेव्हाच सुरू झाल्या. सॅन क्वेंटिनसुद्धा झालं. साठचं दशक रेकॉर्डिंगच्या दृष्टीने जवळजवळ कोरडं. मात्र त्याच काळात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्याच्या कानात शिरला, आणि तुम्हाला गाडीत जे ऐकू आलं त्याचं मूळ तिथे आहे. १९६९ मध्ये तो सिनॅनॉन या व्यसनमुक्तीच्या वसाहतीत दाखल झाला. लॉरी त्याला तिथे भेटली, पुढे त्यांनी लग्न केलं. १९७५ मध्ये लेस्टर केनिगने त्याला पुन्हा स्टुडिओत आणलं. तुमच्या १९५७ च्या सीडीचा निर्माताही हाच केनिग, आणि जुलै १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये यंत्रं लावून बसलेलाही हाच. त्याच नोव्हेंबरात तो गेला.

व्हॅनगार्डच्या त्या तीन रात्री २८, २९ आणि ३० जुलैच्या. पियानोवर जॉर्ज केबल्स, बासवर जॉर्ज म्राझ, ड्रम्सवर एल्विन जोन्स. आधी त्यातून चार एलपी निघाल्या: गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि चौथी 'मोअर फॉर लेस'. मग १९९५ मध्ये सगळं मिळून नऊ सीड्यांचा संच आला. म्हणजे संच घेतलात तर सुट्या चार घ्यायच्या नाहीत, त्या आत आहेतच.

संगीत थोर आहे, वादच नाही. पण तिथे पेपर ताणाखाली आहे. मागे एल्विन जोन्स, म्हणजे ज्या कोल्ट्रेनने याची झोप उडवली त्याचाच ड्रमर. काही ठिकाणी दोघं हातात हात घालून जातात, काही ठिकाणी पेपर पुरात पोहतोय असं वाटतं. ते ऐकायची मजा आहे, पण त्याचा नेहमीचा संसार कसा होता हे आधी कळलं तर.

म्हणून माझं मत: सुरुवात लंडनपासून करा. जून १९८०, रॉनी स्कॉट्स क्लब. पियानोवर मिल्चो लेव्हिएव्ह हा बल्गेरियन, बासवर टोनी डुमास, ड्रम्सवर कार्ल बर्नेट. हा त्याच्या रोजच्या फिरतीतला चमू, एकमेकांच्या खोड्या पाठ असलेला. पेपर तेव्हा गॅलक्सी कंपनीशी करारबद्ध होता, म्हणून ही रेकॉर्ड तेव्हा लेव्हिएव्हच्या नावावर निघाली, मोल जॅझ या छोट्या लंडनच्या लेबलवर. पेपर आपला साथीदार असल्यासारखा! दुकानात 'प' खाली शोधणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं सापडली नसेल. आता लॉरीने ती चार सीड्यांत पूर्ण काढली आहे, 'अनरिलीज्ड आर्ट' मालिकेचा सहावा खंड. नाव 'ब्लूज फॉर द फिशरमन'.

उपटसुंभ

उतारवयातला सॅक्सोफोन आणि तोही लाइव्ह म्हणता, आणि स्टॅन गेट्झचं नाव नाही? 'पीपल टाइम'. मार्च १९९१, कोपनहेगनचं कॅफे मॉन्मार्त्र, सोबत फक्त केनी बॅरनचा पियानो. जूनमध्ये गेट्झ गेला. सात सीड्यांत पूर्ण मिळतं. एकदा घेतलं की झालं, अकरा खंडांची भानगड नाही.

पेपर मला जरा रडका वाटतो. स्पष्ट बोललो, राग नसावा.

कोमल_निषाद

राग कसला. 'पीपल टाइम' माझ्याही उशाशी आहे. पण धागा पेपरचा आहे हो, गेट्झचा वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

रडका मात्र नाही. एकदा रॉनी स्कॉट्समधलं त्याचं बोलणं ऐका. दोन गाण्यांच्या मध्ये तो श्रोत्यांशी गप्पा मारतो, साथीदारांची फिरकी घेतो. लॉरीने ही बोलणी कापली नाहीत, हे तिचे उपकार.

अर्धीमात्रा

कोनिंच्या यादीशी सहमत. मी जरा हिशेबाचं बोलतो, कारण या छंदात पैसे बुडतात ते तिथे.

पहिलं: यादी शीर्षकानुसार ठेवू नका, तारखेनुसार ठेवा. तारीख, गाव, जागा, पियानिस्ट. एवढे चार रकाने पुरतात. पियानिस्ट महत्त्वाचा, कारण त्या वर्षांत पेपरच्या मागे बहुधा केबल्स तरी असतो नाहीतर लेव्हिएव्ह, आणि दोघांबरोबर पेपर वेगळा वाजवतो. केबल्स खाली गादी घालून देतो, लेव्हिएव्ह चिमटे काढतो. शीर्षकावर विसंबलात तर 'लाइव्ह' नावाच्या सात सीड्या एकाच रकान्यात येतील.

दुसरं: मुखपृष्ठावर तारीख आणि जागा नसेल तर हात लावू नका. हे मी शहाणपणाने नाही, फटका खाऊन सांगतोय. एका अनोळखी लेबलची 'युरोपातली मैफल' छाप सीडी घेतली. घरी लावली. वाजवणं उत्तम, पण आल्टो जरा चिरका, सगळंच घाईत. दुसऱ्या गाण्यात बासचा सोलो चालू असताना कुणीतरी खोकलं. दोन ठसके, मग थांबून तिसरा, खोल. मी उठून बसलो, कारण त्या खोकल्याची माझी ओळख होती! जुनी सीडी काढली, त्याच गाण्याच्या त्याच जागेला नेली. तोच गृहस्थ, तेच तीन ठसके, फक्त थोडे खालच्या सुरात. म्हणजे एकच मैफल, नवीन सीडीवर टेप वेगाने चढवलेली, जवळजवळ अर्ध्या सुराने वर. पेपर काय, खोकणाराही चढ्या पट्टीत.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. नवीन काही घेण्याआधी ऑनलाइन नमुना मिळाला तर बासचे सोलो ऐकायचे. तिथे वाद्यं शांत असतात आणि लोक ऐकू येतात. सॅक्सोफोनच्या ताना दोन रात्रींत सारख्या भासू शकतात, पण ग्लास पडणं, खुर्ची सरकणं, चुकीच्या जागी पडलेली एकाकी टाळी, या गोष्टी दोनदा तशाच घडत नाहीत.

तिसरं, वेगाची शंका आली तर गाण्याची लांबी जुळवू नका, गोंधळ होतो. टाळ्या कुठे कापल्यात त्यावर ती बदलते. स्वर जुळवा. पेटी किंवा ट्यूनर घेऊन शेवटचा पियानोचा स्वर तपासा.

पाटीपेन्सिल

अर्धीमात्रा, खोकल्याचा किस्सा वाचून हसतोय अजून. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोनि, गॅलक्सीचा सोळा सीड्यांचा संच मग कुणी घ्यायचा?

कोमल_निषाद

ज्याला त्याची स्टुडिओतली कामंही हवीत त्याने. लाइव्हसाठी त्यातला तुमच्या कामाचा ऐवज म्हणजे ऑगस्ट १९८१, लॉस एंजेलिसचा मेडन व्हॉयेज क्लब, १३ ते १५ तारखा. केबल्स, बासवर डेव्हिड विल्यम्स, बर्नेट. 'रोडगेम', 'आर्ट लिव्हज' आणि 'एपीक्यू' या तीन एलपी त्याच मुक्कामातल्या. आता त्या तीन रात्रींचा स्वतंत्र सात सीड्यांचा संचही आहे. तुम्हाला फक्त लाइव्ह हवं असेल तर तो घ्या आणि सोळाचा नाद सोडा.

त्याच मंडळींची तीन महिन्यांनंतरची मैफल म्हणजे 'अनरिलीज्ड'चा पहिला खंड. २२ नोव्हेंबर १९८१, जपानमधलं अबाशिरी. लंडननंतर मी हा सुचवेन. अवांतर: अबाशिरी हे होक्काइडोच्या ईशान्य टोकाचं गाव, आणि जपानमध्ये ते ओळखलं जातं तिथल्या तुरुंगामुळे. सॅन क्वेंटिन भोगून आलेल्या माणसाची इतकी मोकळी मैफल नेमकी तिथे व्हावी!

आणि हो, जपान म्हटलं की १९७७ च्या एप्रिलमधलं 'टोकियो डेब्यू'. तेव्हा तो व्हायब्राफोनवादक कॅल जेडरच्या चमूबरोबर पाहुणा म्हणून गेला होता. आपल्याला तिथे कुणी ओळखत असेल याची त्याला खात्री नव्हती. वाजवणं इतर मैफलींच्या तुलनेत साधं आहे, पहिल्या पाचांत मी घेणार नाही, पण मंचावर आल्यावर जे स्वागत झालं ते वाचूनच ऐका. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय.

ओवी_७१

मी संग्राहक नाही, माझ्याकडे पेपरच्या जेमतेम नऊ सीड्या असतील, पण एक सुचवते. पूर्ण मैफली जमवण्याआधी एक गाणं धरा आणि त्याच्या मागे जा. मी 'गुडबाय' धरलं. गॉर्डन जेंकिन्सची रचना, बेनी गुडमनचा ऑर्केस्ट्रा कार्यक्रमाच्या शेवटी वाजवायचा ती. निरोपाचं गाणं. पेपर ते व्हॅनगार्डला वाजवतो, रॉनी स्कॉट्सला वाजवतो, अबाशिरीला वाजवतो. चार वर्षांत तीन मुक्काम.

व्हॅनगार्डमध्ये तो त्या चालीशी भांडतो. अबाशिरीत पहिले काही स्वर तो जवळजवळ तसेच ठेवतो, नुसता उच्चार बदलतो. एखाद्या स्वराला खालून हात घालतो, एखाद्याला शेवटी फक्त हवा देतो. केबल्स तेव्हा काय करतो? जवळपास काहीच नाही. आपल्याकडे चांगला पेटीवाला गवयाला जागा सोडतो ना, तसं. मला ते कळायला सहाएक वेळा ऐकावं लागलं.

आणि दुसऱ्या खंडाबद्दल कुणीच बोललं नाही. ३० मे १९८२, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर. पियानोवर रॉजर केलावे. १५ जूनला पेपर गेला, छप्पन्न वर्षांचा. खंडाचं नावच 'द लास्ट कॉन्सर्ट', त्यामुळे लोक रुमाल काढूनच बसतात. मी तशीच बसले होते आणि फसले. तो बिलकुल निरोप घेत नाहीये. एका गाण्याला क्लॅरिनेट काढतो, तेही 'व्हेन यू आर स्मायलिंग'सारखं उडतं गाणं. तारखा विसरून ऐका.

उपटसुंभ

ओवीताई, तुमच्या सांगण्यावरून 'गुडबाय' ऐकलं, अबाशिरीचं. 'रडका' शब्द मागे. बाकी मतं कायम.

अर्धीमात्रा

एक पुरवणी. लॉरीच्या लेबलचं नाव 'विडोज टेस्ट', म्हणजे विधवेची आवड. निवड तिची आहे हे नावातच कबूल. बऱ्याच टेप मुळात कॅसेट किंवा रेडिओच्या आहेत, तेव्हा व्हॅनगार्डसारख्या आवाजाची अपेक्षा नको. टोरांटोचा खंड (जून १९७७, व्हॅनगार्डच्या सहा आठवडे आधीचा) त्यामुळे नंतरसाठी राखून ठेवा. आधी कान बसू द्या. डिजिटल प्रती बँडकॅम्पवर मिळतात, पण छापील पुस्तिकेतलं लॉरीचं लिखाण सोडवत नसेल तर सीडीच घ्या. तिला गोडगोड लिहिता येत नाही. कोण कोणावर चिडलं होतं, आर्टची तब्येत त्या दिवशी कशी होती, सगळं येतं.

पाटीपेन्सिल

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय. हिशेब देतो.

लंडनचे चार आणि अबाशिरीचे दोन, एवढंच घेतलं. व्हॅनगार्डची फक्त गुरुवारची जुनी एलपी एका ओळखीच्यांकडून उसनी आणली, 'गुडबाय'साठी. ओवीताई, तिन्ही सलग ऐकली. व्हॅनगार्डचं भांडण मला ऐकू आलं. अबाशिरीची हवाही आली. लंडनचं मात्र अजून उमगलं नाही, लेव्हिएव्ह मध्ये मध्ये असं काही टाकतो की माझं लक्ष पेपरवरून उडतं. की तेच अपेक्षित आहे?

तारखेचे रकाने केलेत. त्यात पाचवा रकाना मी माझ्या मनाने वाढवलाय: 'खोकला'. लंडनच्या दुसऱ्या सीडीला एक बाई हसते, नोंद केली.

कोनि, पुढे मेडन व्हॉयेज की व्हॅनगार्डचे नऊ?

कोमल_निषाद

मेडन व्हॉयेज. व्हॅनगार्ड पुढच्या वर्षी. आणि उसनी एलपी परत करा, त्या लवकर हरवतात.