एकावर एक रचायच्या लाकडी खुर्च्या: दुसरी खुर्ची अर्ध्यातच अडते

घोडबंदरकर: सोसायटीच्या हॉलसाठी 36 लाकडी खुर्च्या करायच्यात, काम झालं की रचून कोपऱ्यात लावता येतील अशा. नमुन्याची मापं: पाय 32 × 32 मिमी, बैठक 420 × 420, उंची 450, वर 12 मिमी प्लाय, त्याखाली 60 मिमीच्या पट्ट्या. मागचे पाय जमिनीपाशी 40 मिमी मागे फाकलेत. जमिनीपासून 150 मिमीवर चारी बाजूंनी आडव्या दांड्या. वरची खुर्ची बसतच नाही. चूक कुठे? बजेटही बेताचंच आहे.

रंधा: दांड्या. वरची खुर्ची थोडी पुढे सरकून बसते आणि तिचे पाय खालच्या बैठकीच्या बाहेरून उतरतात. बाजूची दांडी खालच्या पुढच्या पायावर आपटते, मागची थेट बैठकीवर. पुढची तेवढी सुटते, ती ठेवा.

पट्ट्या पुढच्या-मागच्या पायांच्या मधे बसवल्या असतील तर त्याही काढून पायांच्या आतल्या अंगाला लावा. जोडाखाली पायाची आतली बाजू एक सूत, म्हणजे साधारण 3 मिमी, रंधून घ्या. एवढी मोकळीक नसेल तर पॉलिशच्या थरांनी आणि पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाने खुर्च्या एकमेकींत रुतून बसतात.

पुढे सरकायला पायाचे 32 आणि मोकळीक 3 लागते. शिवाय प्रत्येक खुर्ची 72 मिमी वर चढते (60 + 12), त्यामुळे फाकलेल्या मागच्या पायांत 40 × 72 ÷ 450, म्हणजे साडेसहाच्या आत-बाहेर जागा जाते. हेच सगळे विसरतात. एकूण 41 ते 42 धरा. सहावी खुर्ची 205 मिमीहून जास्त पुढे येते, तिथेच थांबा. पोरं थप्पीला लोंबकळणारच, त्याहून उंच असली तर ती पुढे कलंडेल.

घोडबंदरकर: दांड्या काढल्यावर डुगडुगणार नाही?

पटाशी: नुसत्या स्क्रूवर सोडली तर नक्की. मागे रेलून दोन पायांवर झुलणाऱ्याचा सगळा भार मागच्या जोडावर येतो. पट्टी पायाला पूर्ण टेकवून वॉटरप्रूफ फेविकॉल आणि प्रत्येक जोडाला 6 मिमीचे दोन बोल्ट. बोल्ट सरळच मारा, पण भोकं तिरप्या रेषेत घ्या. दोन्ही एकाखाली एक आले तर पाय उभा चिरतो.

आता पैसे. 8 × 4 फुटांच्या शीटमधून 420 च्या बैठका 10 निघतात, 400 च्या मात्र 18, पात्याचे 3 मिमी धरून. म्हणजे 36 खुर्च्यांना चारऐवजी दोनच शीट. 20 मिमीने बसणाऱ्याला काही फरक पडत नाही. हॉलच्या आत बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय (मानक आयएस 303) पुरतो, त्याहून महागड्या मरीन प्लायचे पैसे घालू नका.

रंधा: पायांना जुन्या इमारतींच्या रीडेव्हलपमेंटमधून निघालेल्या चौकटींचा साग बघा. आधी लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असला तर रंध्याचं पातं गेलंच. आणि पट्ट्यांच्या तळाला फेल्ट चिकटवा, त्या खालच्या बैठकीवरच टेकतात.