जुन्या हार्ड डिस्कवरचं घरच्या सर्व्हरवर नेताना काय काय झालं, लिहा की

खडेबाजारकर
परवा विसर्जनाला बेळगावच्या कपिलेश्वर तलावापाशी उभा होतो, सकाळ झाली तरी मिरवणूक चालूच, आपल्याकडचं नेहमीचंच, आणि पोरं मोबाईल वर धरून शूटिंग घेत होती. ते बघून आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथाचं शूटिंग आठवलं. काकांनी हँडीकॅमवर घेतलेलं, मिनी डीव्ही कॅसेटवर. मागं कधीतरी ते सगळं एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतलं होतं (एका तासाला साधारण १३ जीबी होतात, माहीत असू दे), आणि ती डिस्क तेव्हापासून कपाटात. काढून बघितलं तर ट्रॉलीवर अफझलखान झालेला आमचा शेजारी ताठ उभा, आणि खालून कुणाचा तरी हात येऊन त्याची सुटलेली दाढी गोंद लावून दाबून बसवतोय. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत ओ. घरात सगळ्यांनी तेवढंच परत परत बघितलं.
मग म्हटलं आता हे सर्व्हरवर जायलाच पाहिजे. माळ्यावरच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलंय, तोच सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाईली ठेवायचा कॉम्प्युटर. डिस्क लॅपटॉपला लावून वायफायवरनं पाठवत बसू नका, तिथं वेळ जातो, सरळ सर्व्हरच्याच यूएसबीला लावायची आणि तिथंच कॉपी करायची, मधे नेटवर्क येतच नाही. माझं काम झालंय, आता आई टीव्हीवर बघते. तुमच्याकडं काय काय आहे आणि कसं नेलंत, सगळं लिहा.

निपाणी_बसस्टँड
निळा पोर्ट (यूएसबी ३) बघून लावा!! मागच्या बाजूला काळे पण असतात, ते बहुतेक यूएसबी २, त्यातनं सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर काही जात नाही. म्हणजे १ टीबीला अख्खी रात्र. निळ्यातनं साधी फिरती डिस्क पण १०० च्या पुढं जाते, अडीच-तीन तासात मोकळे. केबल पण तसलीच पाहिजे, जुनी केबल लावली तर निळ्या पोर्टाचा काय उपयोग.

जांबोटीची_पावसाळी
आमच्याकडं खानापूर साईडला जून ते सप्टेंबर लाईटचा काय भरवसा सांगता. म्हणून मी साधं कॉपी पेस्ट करतच नाही, आरसिंकच, म्हणजे लिनक्सची फाईली कॉपी करायची कमांड. लाईट गेली की परत तीच कमांड द्यायची, जे पोचलंय ते सोडून पुढचं घेतं. मोठ्या व्हिडिओला तिचा पार्शल हा पर्याय लावायचा म्हणजे अर्धी गेलेली फाईल टाकून देत नाही. आणि टीमक्समधे (सर्व्हरवर कमांड मागं चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू करायचं, मग लॅपटॉप झाकून भाकरी करायला गेले तरी सर्व्हरवर ते चालूच राहतं. दादा तुमच्या त्या कॅसेटी अजून असतील तर आधी बघा, आमच्या हवेत टेपला बुरशी येते, पांढरे ठिपके दिसले तर प्लेअरमधे घालू नका, हेडला लागून बाकीच्या पण जातात

खडेबाजारकर
ताई कॅसेटी आहेत, आज काढून बघतो.

हुक्केरी_माहेर
माझं जरा वेगळंच आहे. आत्ती आणि तिच्या जावा जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या मी रेकॉर्ड करून ठेवल्यात, आत्ती गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. तेव्हा फाईलची नावंच अशी लांब दिली होती की ऐकायच्या आधी सगळं कळावं. एक नाव लिहिते, "आत्तीची ओवी संकेश्वरच्या घरी जात्यावर म्हटलेली पहिली ओळ विसरली मग मावशीनं आठवण करून दिली आणि सगळ्या हसल्या". विंडोजमधे काही तक्रार नाही. सर्व्हरवर न्यायला गेले तर बऱ्याचशा फाईली गेल्या आणि नेमक्या ओव्याच राहिल्या, फाईल नेम टू लाँग म्हणतंय. भाच्यानं सांगितलं की लिनक्सला ईएक्सटी ४ मधे (डिस्कवर फाईली ठेवायची त्याची पद्धत) नावाला २५५ बाईट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईट खातं, काना मात्रा वेलांटी जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगवेगळं धरून. म्हणजे आपल्याला ८५ च. इंग्रजीत नाव दिलं असतं तर तिप्पट अक्षरं बसली असती. मला ती नावं तोडायची नव्हती कारण त्या दुपारचं सगळं त्या नावातच आहे, रेकॉर्डिंगमधे फक्त हसणं ऐकू येतं, का हसल्या ते नाही. शेवटी फाईलला छोटं नाव आणि शेजारी त्याच नावाची टेक्स्ट फाईल, तिच्यात पूर्ण मजकूर. असं एकेक करत बसले. सगळ्या गेल्या, सगळ्या वाजतात, बघून घेतलं.

मिरजकर_सासर_चिक्कोडी
ताई वाचून पोटात कालवलं. ओव्या जपल्यात हे फार मोठं काम केलंत.

निपाणी_बसस्टँड
संकेश्वर म्हटलं की मला आधी मिरची. अजून खरी संकेश्वरी मिळते का ओ बाजारात? आमच्याकडं विकणारा म्हणतो तीच आहे, पण तो वास नाही.

हुक्केरी_माहेर
मिळते पण ओळखीच्या शेतकऱ्याकडनंच घ्यायची. भाऊ आणतो दरवर्षी. चटणीला तीच आणि रंगाला थोडी ब्याडगी.

वडगाव_माग
मिरचीच्या मधे येतो, माफ करा. आमचं घर मागवाल्यांचं, शहापूर वडगावात निम्मे असेच. वडिलांनी काढलेली साडीच्या काठापदराची जकार्डची (मागावर नक्षी विणणारं यंत्र) डिझाईनं, सगळ्या बारक्या बारक्या बीएमपी (चित्राच्या) फाईली, एकेका फोल्डरात हजारोनी. एकूण साईज काहीच नाही पण कॉपी मुंगीसारखी, कारण प्रत्येक फाईल उघडायची लिहायची बंद करायची, वेळ त्यातच जातो. म्हणून डिस्कवरच टार कमांडनं सगळ्यांची एकच फाईल करून एक गठ्ठा बांधला, गठ्ठा भराभर गेला, सर्व्हरवर सोडला. वडिलांना दाखवलं तर ते एका रुईफुलाच्या काठाकडं बघत बसले, म्हणाले ह्याचा कागद वाळवीनं खाल्ला होता, मला वाटलं गेलं हे. आता शेजारचे दोघं पण आपापली डिझाईनं घेऊन येणार आहेत, सगळ्यांची एकत्र ठेवू म्हणतोय.

टिळकवाडी_दुसरं_रेल्वेगेट
ज्यांना नेटवर्कवरनंच न्यावं लागतंय त्यांनी स्पीड सेकंदाला ११ एमबीवर अडकलाय का बघा. अडकला असेल तर लाईन १०० मेगाबिटची झालीय, गिगाबिटची (म्हणजे हजारची) नाही. आमच्यात माळ्यावर उंदरानं केबल कुरतडलेली. आत आठ तारा असतात, १०० ला चारच लागतात, म्हणून चालू दिसतं पण हळू. केबल बदलली, ११० वर गेलं. राउटर जुना असेल तर त्याचे पोर्ट पण १०० चेच असू शकतात.

वडगाव_माग
उंदीर आमच्यात पण आहेत, बघतो आजच

कृष्णाकाठ_मांजरी
मी उलट्या बाजूचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात आलं तेव्हा म्हातारी माणसं आणि जनावरं बाहेर काढायचीच घाई, सर्व्हर कुणाच्या डोक्यात येतोय. खालच्या खोलीत होता, पाण्यात गेला. सर्व्हरमधे दोन डिस्कवर एकच डेटा होता, एक गेली तर दुसरी म्हणून, पण दोन्ही एकाच डब्यात ना. वाचलं ते फक्त आत्यानं बेळगावला नेलेल्या एक्स्टर्नल डिस्कमुळं, तिला लग्नाचे फोटो बघायचे होते म्हणून घेऊन गेलेली. नवीन सर्व्हर केल्यावर त्या डिस्कवरनं सगळं परत आणलं. आणून झाल्यावर आरसिंकचंच चेकसमवालं ड्राय रन चालवलं, ते दोन्हीकडच्या फाईली पूर्ण वाचून जुळवतं, कॉपी काही करत नाही, आणि कुठं फरक असला तर नाव दाखवतं. वेळ भरपूर खातं पण त्याच्याशिवाय मी डिस्क हातावेगळी केली नसती. आणि ती डिस्क पुसून दुसऱ्या कामाला घेतली नाही. दर दिवाळीला आत्याकडं जायचं, नवीन फोटो तिच्यावर घालायचे, डिस्क परत तिच्याच कपाटात. दिवाळीच्या फराळाबरोबर हे पण ठरलेलंच झालंय आता. तुम्ही सगळे इतकं जपून नेताय ना, मग मनापासून सांगतो, एक प्रत दुसऱ्या गावात असू दे.

जांबोटीची_पावसाळी
तुमच्याकडचं पाणी आम्ही टीव्हीवर बघत होतो, इकडं मलप्रभा पण भरलेली. घरातले सगळे सुखरूप होते ना?

कृष्णाकाठ_मांजरी
होय ताई सगळे सुखरूप. एक म्हैस गेली.

खडेबाजारकर
दादा हे वाचून भावाला फोन केला, पुढच्या वेळी येईल तेव्हा एक डिस्क पुण्याला देणार.

मिरजकर_सासर_चिक्कोडी
मधेच विचारते, डिस्क सर्व्हरला लावली तर फाईली दिसतात, पण जुनं फोल्डर आवरायला गेले तर रीड ओन्ली म्हणतंय. काल विंडोजच्या लॅपटॉपला लावलेली होती

टिळकवाडी_दुसरं_रेल्वेगेट
वैनी घाबरू नका, डिस्क बरी आहे. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाऊन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) डिस्क अर्धवट सोडतं, मग लिनक्स तिच्यावर लिहायला धजत नाही. परत लॅपटॉपला लावा, शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा, मग काढा. आणि आवरू नका हो आत्ता, आधी सगळं जाऊ दे.

मिरजकर_सासर_चिक्कोडी
बरं शिफ्ट. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की बघते