मदत हवी आहे: फुग्यात हेलियमच आहे हे कसं ओळखायचं? (नाशिक)

नमस्कार मंडळी. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनात कोणता वायू किती वजन उचलतो ते फुग्यांनी दाखवायचंय. 0 अंशाला एक लिटर हवा सुमारे 1.29 ग्रॅम, हेलियम 0.18, हायड्रोजन 0.09. म्हणजे हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, तरी उचल जेमतेम 8 टक्के जास्त! कारण खरं काम बाजूला सारलेल्या हवेचं. मला हे फार सुंदर वाटतं, मुलांना नेमकं तेच दाखवायचंय. मिथेन फक्त तक्त्यावर.

अडचण गॅसची. फुगेवाल्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, वर जातो ना? मग झालं." हायड्रोजन निघाला तर एका ठिणगीने भडका उडेल. वर्गात मुलं असणार, तो धोका नकोच.

पेटवून न बघता फरक कसा कळेल? सोनाराच्या काट्यावर तेवढा फरक पकडता येईल का? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, हवा थोडी विरळ. मग 14 लिटरच्या फुग्याची उचल रबराचं वजन वजा करण्याआधी 13 ग्रॅम धरू का? आणि पंचवटी, सिडको किंवा सातपूर भागात हेलियमचा छोटा सिलिंडर भाड्याने कोण देतं? सिलिंडरवर काय तपासून घ्यावं, तेही सांगा.