सोलापूरच्या चार हुतात्म्यांसाठी मोठं दगडी शिल्प हवं, की चौकातले पुतळे पुरेत? (बहुतेक बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचा सोलापुरातला भाग दिलाय.)

जुळे सोलापूर: मुलीकडे मेरीलँडला गेलो होतो, तेव्हा वॉशिंग्टनमधलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक बघितलं. २०११ मध्ये खुलं झालेलं. आधी दुभंगलेला डोंगर, त्याच्या फटीतून चालत जायचं. मधला तुकडा पुढे सरकवलाय आणि त्यात हाताची घडी घातलेले किंग कोरलेत, तीस फूट उंच. ‘निराशेच्या डोंगरातून आशेचा दगड’ हे त्यांच्या १९६३ च्या भाषणातलं बोलणंच शिल्प होऊन उभं आहे. फटीतून जाताना दगडावर हात फिरवला, थंडगार लागला. आम्ही सगळे आपोआप गप्प झालो. तेव्हा आपले चौघे आठवले. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले आणि आपण त्यांना गाडीवरून जाता जाता बघतो. एखाद्या बागेत असंच, आत शिरता येईल असं शिल्प व्हायला हवं.

बाळीवेस: काका, नाही पटत. गड्ड्याच्या जत्रेला आलेला खेड्यातला माणूससुद्धा चौकात त्यांना बघतो. आजोबांनी मला खांद्यावर बसवून चारही नावं तिथेच पाठ करून घेतली. बागेत नेलं की फाटक आलं, वेळ आली, उद्या तिकीटही येईल. आणि तीस फूट कशाला? तिथला लिंकनसुद्धा १९ फुटांचा आहे. आपली माणसं आपल्याएवढीच दिसू देत की!

चाटी गल्ली: त्या स्मारकाचे शिल्पकार लेई यिशिन चीनचे, ग्रॅनाइटही तिकडचा. त्यावरून अमेरिकेत वाद झाला होता. आपल्याकडे केलंच, तर दगड आपला काळा बसाल्ट आणि हातही इथलेच हवेत.

जुळे सोलापूर: दगडाचं मान्य. शिल्पकार कुठला, यावर माझा अडसर नाही. आपले डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांचा पुतळा आहे, आणि ते आपण छाती फुगवून सांगतो.

निवृत्त मास्तर: उंचीचं नंतर बघू. दगडावर लिहिणार काय? किंग म्हणाले होते, ‘मला मिरवणुकीचा म्होरक्या म्हणायचंच असेल, तर न्यायासाठीचा म्होरक्या म्हणा.’ कोरताना ते ‘मी म्होरक्या होतो’ असं झालं. ‘तर’ गळाला आणि नम्र माणूस गर्विष्ठ दिसायला लागला. कवयित्री माया अँजेलो यांनी हरकत घेतली, २०१३ मध्ये ओळ काढून टाकली. आपल्या पोरांना १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ का लागला, कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे, यातलं काही माहीत नाही. वर्गात विचारलं की दोन हात वर यायचे. पैसा असेल तर आधी हे कोरा, नीट तपासून.

बाळीवेस: मास्तर, शंभर टक्के. पण कोरा चौकातच. गाड्या बाजूला करा, त्यांना हलवू नका.

जुळे सोलापूर: हलवा असं मी कुठे म्हटलं? ते राहू देत. मला थांबायला जागा हवी. गेल्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो. त्याने विचारलं, ‘आजोबा, यातले कुर्बान हुसेन कोणते?’ धनशेट्टी आणि सारडा सांगून झाले होते, तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले.